रिपोर्ट नॉर्मल आले, मग रात्री तीनला छाती का धडधडते?

ह्या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, लिहिणारे वेगळे, वयं वेगळी, पण जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी "टेन्शन आहे, दुसरं काही नाही" असं सांगून घरी पाठवलंय. म्हणून अख्खं सदर ह्याच विषयावर घेतेय. नावं नेहमीप्रमाणे काढलेली आहेत.

प्रश्न : डॉक्टर काकू, नमस्कार. मी ५२ वर्षांची, इंदूरला सुदामा नगरात राहते. आठ महिन्यांपूर्वी ह्यांची बायपास झाली. मुलगा पुण्याला, तो येईपर्यंत आणि आल्यावरही सगळं मीच बघितलं, अकरा रात्री आयसीयूच्या बाहेर बाकावर काढल्या, बिलं, रक्ताची सोय, घरी सासूबाई. तेव्हा मला काहीही झालं नाही, साधी सर्दीसुद्धा नाही. आता हे ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात, आणि आता माझं सुरू झालंय. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, तळहाताला घाम, घबराहट. फोन वाजला की पोटात खड्डा पडतो. ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. आमचे डॉक्टर म्हणाले, भाभीजी टेन्शन है, और कुछ नहीं. घरच्यांना वाटतं मी उगाच करतेय, आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर : ताई, तुम्ही उगाच करत नाही आहात. ठरवून तळहाताला घाम आणता येतो का बघा बरं, नाही येणार. छातीची धडधड, घाम, पोटातला खड्डा ह्या गोष्टी आपल्या हुकमात नसतातच, त्या बघणारी शरीरात एक वेगळी यंत्रणा आहे, पुस्तकात तिला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात, म्हणजे आपल्याला न विचारता चोवीस तास काम करणारी. हृदय, रक्तदाब, आतडी, घाम, डोळ्याची बाहुली, लघवीची पिशवी, सगळं तिच्याकडे.

तिचे मुख्य दोन भाग. एक सिम्पथेटिक, ह्याच्या नसा पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून निघतात आणि संकट दिसलं की हा पुढे होतो. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांना हा इशारा देतो आणि रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उतरतं, नाडी वाढते, बीपी वाढतो, बाहुल्या मोठ्या होतात, कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त कमी करून हातापायाच्या स्नायूंना दिलं जातं. दुसरा भाग पॅरासिम्पथेटिक, त्याची सगळ्यात मोठी नस व्हेगस, ती मेंदूच्या देठातून निघून मानेतून खाली हृदय, फुप्फुसं, पोट असं करत आतड्यांपर्यंत जाते. हिचं काम शांतपणे चालवायचं.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला शिकताना फार आवडली होती. आपलं हृदय एकटं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० च्या आसपास ठोके देतं. तरी आपण निवांत बसलो की नाडी ७०-७२ का लागते, तर व्हेगसने लगाम धरून ठेवलेला असतो म्हणून. ज्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं त्यांची ही नस ऑपरेशनमध्ये कापली जाते, आणि म्हणून ती माणसं शांत बसलेली असली तरी त्यांची नाडी ९०-१०० च्या घरात राहते. म्हणजे घाबरल्यावर अगदी पहिल्या क्षणाला जी धडधड होते ना, त्यात अ‍ॅड्रेनॅलिन नंतर येतं, आधी व्हेगसचा हात लगामावरून सुटतो.

हा लगाम नेमका चालतो कसा हे कसं कळलं तेही ऐका, कारण त्यातही रात्रीचे तीनच वाजले होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला, अर्धवट जागे होऊन त्यांनी कागदावर खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं, मग मात्र ते तीन वाजता उठून सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस चेतवली, त्याचे ठोके मंदावले, मग त्याच्याभोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. हे १९२१ साली छापून आलं, पुढे त्या रसायनाची ओळख अ‍ॅसिटिलकोलिन म्हणून पटली आणि १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल ह्या दोघांना मिळालं. तर ताई, "टेन्शन" म्हणून जे म्हणतात ते इतकं खरंखुरं, बाटलीतल्या पाण्यातून एका हृदयाकडून दुसऱ्याकडे नेता येईल असं असतं.

मग तुमचा खरा प्रश्न, तेव्हा नाही आणि आता का. तुमच्या कॉलनीत रात्री चौकीदार काठी आपटत फिरतो ना, तसा हा सिम्पथेटिक. अकरा रात्री तो जागा होता आणि त्याची गरजही होती, त्यानेच तुम्हाला उभं ठेवलं. संकटात लक्ष सगळं बाहेर असतं, स्वतःचं दुखणं जाणवतही नाही, त्या वेळच्या रसायनांनी वेदनाही बोथट होते. पण संकट टळल्याचा निरोप चौकीदाराला आपोआप पोचत नाही. त्याने फोनची रिंग आणि वाईट बातमी ह्यांची जोडी पक्की केलेली आहे, म्हणून भाजीवाल्याचा फोन आला तरी पोटात खड्डा. आणि तीनच का, तर कॉर्टिसॉल नावाचं जे दुसरं हार्मोन आहे ते पहाटेकडे चढायला लागतं, जागं झाल्यावर साधारण अर्ध्या तासात सगळ्यात वर असतं, त्या चढत्या वेळेला झोपही हलकी झालेली असते, त्यात जाग आली की मन सरळ आयसीयूच्या बाकावर जाऊन बसतं. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तातून काही मिनिटांतच ओसरतं, पण आपण घाबरून "आता मलाही अटॅक येतोय की काय" असा विचार केला की ग्रंथी परत सोडतात, आणि मग ते तासभर चालतं.

एकदा आलेलं संकट शरीर पेलतं. पण आठ महिने तेच यंत्र चालू राहिलं की झीज होते, ह्या झिजेला मॅकएवन आणि स्टेलर ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अ‍ॅलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं, बीपी, साखर, झोप, पचन सगळ्यावर त्याचा भार पडतो. आयसीयूतून पेशंट बरा होऊन घरी येतो आणि त्याच्या घरचं माणूस आजारी पडतं हे मी कितीतरी घरांत बघितलंय, त्यावर आता रीतसर लिहिलंही जातं, फक्त आपल्याकडे पेशंटच्या बायकोला कोणी विचारत नाही की बाई तू कशी आहेस.

पण एका बाबतीत मला तुमच्या तपासण्या अपुऱ्या वाटतात. ५२ म्हणजे पाळी जाण्याचं वय, त्यातही रात्री घाम आणि धडधड होते. थायरॉइड वाढला तरी हेच, हिमोग्लोबिन कमी असलं तरी हेच. तुम्ही "रक्त तपासलं" लिहिलंय पण त्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, होतं का ते बघा. ईसीजी काही सेकंदांचा असतो आणि तुमची धडधड रात्रीची, म्हणून २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसरात्र ठोके टिपणारं छोटं यंत्र, लावावं का हे विचारा. हे सगळं नीट निघालं तर मग निश्चिंत मनाने पुढचं करा.

पुढचं म्हणजे काय, तर तीनला जाग आली की घड्याळ बघू नका, मोबाइल तर नाहीच. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वास हळूच घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा (ह्याबद्दल शेवटच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय). पंधरावीस मिनिटांत झोप नाही लागली तर दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, झोप आली की परत या. फोनची रिंग बदला, अगदी वेगळी ठेवा, आणि चार दिवस मुलाला सांगा की दुपारी उगाच फोन कर, गप्पा मार, म्हणजे फोन वाजून वाईट काही होत नाही हे शरीराला परत परत कळेल. रोज संध्याकाळी अर्धा तास झपझप चाला, ह्यांच्याबरोबर नाही, मैत्रिणीबरोबर, कारण ह्यांच्याबरोबर चालताना तुमचं लक्ष त्यांच्या श्वासावर असणार हे मी पैजेवर सांगते.

आणि हॉस्पिटलची स्वप्नं पडत असतील, त्या रस्त्याने जाणंच टाळत असाल, तर काउन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ह्याला चांगले उपचार आहेत. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही लागते.

प्रश्न : काकू, मी देवासचा, भंवरकुआँला रूम घेऊन एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतो. वय २४. पेपरच्या सकाळी तीन-चार वेळा टॉयलेटला जावं लागतं, हात बर्फासारखे गार, तोंड कोरडं, आणि हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं वाचलेलं काहीच आठवत नाही. रूममेट हसतात. माझं पोट खराब आहे का?

उत्तर : पोट नाही रे बाळा, पोट एकदम कामसू आहे. हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते, १८९७ च्या सुमाराला, विद्यार्थी असतानाच, ते मांजरांना औषध मिसळलेलं खाणं घालून नव्याने निघालेल्या एक्स-रेखाली पचन बघत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठराची हालचाल थांबते आणि ते शांत झालं की परत सुरू. ह्याच माणसाने पुढे "लढा किंवा पळा" ही कल्पना मांडली, म्हणजे संकट दिसलं की शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. तुझंही तेच, फक्त माणसात गंमत अशी की ताणात वरचं जठर मंदावतं आणि खालचं मोठं आतडं मात्र जोरात चालायला लागतं, म्हणून खाल्लेलं वर बसल्यासारखं आणि खाली घाई. आतड्यांच्या भिंतीत स्वतःच्या दहा कोटींहून जास्त चेतापेशी असतात, मेंदूशी त्यांचं सतत बोलणं चालू असतं. हात गार कारण कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या, तोंड कोरडं कारण लाळ कमी झाली, आणि आठवत नाही ते कारण अतिसावध झालेल्या मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग थोडा वेळ मागे पडतो. वाचलेलं कुठे गेलेलं नसतं, दहा मिनिटांनी तुला आठवतंच ना.

तर पहिली दहा मिनिटं तू लढू नकोस. जे प्रश्न बघताक्षणी येतात तेच शोधून सोडव, हात चालू झाला की बाकीचं येतं. घरी मॉक देतोस तो गादीवर बसून देत असशील, तो बंद कर, पेपरच्याच वेळेला, शर्ट-बूट घालून, लायब्ररीत अनोळखी लोकांमध्ये बसून दे, आठ-दहा वेळा, शरीराला ती जागा ओळखीची झाली की ओरड कमी होते. चहाचं बघ, भंवरकुआँला मुलं दिवसाला सहा-सात कट चहा मारतात, कॅफीन अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, संध्याकाळी पाचनंतर नको. पेपरच्या सकाळी थोडे पोहे खा, जिलबी पेपर झाल्यावर. आणि तासभर आधी उठ म्हणजे टॉयलेटची घाई ही घाई राहणार नाही. मात्र परीक्षा नसतानाही असंच होत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर डॉक्टरला दाखव, ते ताणावर ढकलायचं नाही.

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. वय ६७, रामबाग. अठरा वर्षांपासून डायबिटीस, बीपीची गोळी, आता प्रोस्टेटचीही सुरू आहे. सकाळी पलंगावरून उठलो की डोळ्यापुढे अंधारी येते, एकदा बाथरूममध्ये पडलो. नेहरू पार्कातली मित्रमंडळी म्हणतात मुलीच्या लग्नाचं टेन्शन घेतो म्हणून होतं.

उत्तर : भाऊ, मित्रांचं प्रेम मान्य, पण हे लग्नाचं टेन्शन नाही असं मला वाटतं आणि तुमचं पत्र वाचून मी खरंच काळजीत आहे. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त एकदम पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारे छोटे सेन्सर असतात, ते लगेच खबर देतात, सिम्पथेटिक नसा पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, हे सगळं काही सेकंदांत, म्हणून आपल्याला कळतही नाही. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की ह्याच बारीक नसा खराब होतात. जसं पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तसंच आतल्या नसांचं, ते दिसत नाही एवढंच. त्यात प्रोस्टेटच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, बीपीच्या बऱ्याच गोळ्याही तेच करतात.

डॉक्टरांकडे जाऊन एवढंच म्हणा की माझा बीपी पाच मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर निदान झालं. खुर्चीत बसवून घेतलेल्या बीपीत हे पकडलं जात नाही आणि म्हणूनच राहून जातं. नाडीही बघा, शांत बसलेले असताना ती कायम ९५-१०० असेल तर व्हेगसचा लगाम ढिला झालेला असू शकतो, वर सुदामा नगरच्या ताईंना लिहिलंय तोच.

सगळ्यात महत्त्वाचं, ह्या नसा खराब झालेल्या माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही असं होऊ शकतं. अचानक धाप, घाम, उलटीसारखं, विनाकारण गळून जाणं असं काही झालं तर गॅस म्हणून सोडा घेत बसू नका, १०८ ला फोन करा. तोवर रोज उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, पोटऱ्या आवळा-सोडा, मग उभे राहा. रात्री लघवीला उठलात तर बसूनच करा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, वेळ आणि डोस डॉक्टर बदलतील. आणि ह्या आठवड्यातच जा, लग्नानंतर नाही.

प्रश्न : माझा मुलगा, २०, रक्तदान शिबिरात सुई बघूनच कोसळला. मन इतकं कमकुवत आहे का? (वैशाली नगर)

उत्तर : मनाशी संबंध नाही हो, उंचपुऱ्या धडधाकट मुलांनाही होतं. रक्त किंवा सुई दिसली की काही जणांत आधी नाडी वाढते आणि मग व्हेगस लगाम एकदम जोरात ओढतो, सिम्पथेटिकही माघार घेतो, नाडी आणि बीपी दोन्ही कोसळतात. आडवं केलं, पाय उंच केले की मिनिटभरात शुद्ध येते. लोक धरून बसवतात आणि तोंडात पाणी ओततात, ते दोन्ही चूक. पुढच्या वेळी सुईआधी त्याला मांड्या, पोट आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून सोडायला सांगा, असं पाच वेळा, बीपी टिकतो. पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली असेल तर मात्र हृदयाची तपासणी हवीच.

प्रश्न : आमच्या टिळक नगरात एक आजी, नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी छातीत दुखून अ‍ॅडमिट. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, तरी हृदय कमजोर सांगितलं. दुःखाने हृदय बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ह्याला ताकोत्सुबो नाव दिलं, ऑक्टोपस पकडायचं तिकडचं मडकं असतं, अरुंद गळा आणि फुगीर तळ, हृदयाचा डावा कप्पा तसा दिसतो. मोठ्या धक्क्यानंतर अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा हृदयाच्या स्नायूला काही दिवस दुबळं करतो असं मानतात, पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, आजींचंही होईल अशी आशा आहे. पण सुरुवातीला हे आणि साधा हार्ट अटॅक बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून सुतकात आहे, रडून छाती भरून आली असेल असं म्हणून कोणी थांबू नये. ह्या आजींच्या घरच्यांनी लगेच नेलं ते फार चांगलं केलं.

प्रश्न : सगळे सांगतात दीर्घ श्वास घ्या. मी मोठमोठे श्वास घेते तर उलट चक्कर येते, ओठांना मुंग्या, बोटं वाकडी होतात आणि जास्तच घबराहट. मला प्राणायाम सूट होत नाही का? (लोकमान्य नगर, वय ३८)

उत्तर : तुम्हाला मोठे श्वास सूट होत नाहीत, आणि घाबरलेल्या कोणालाच होत नाहीत. घाबरलं की आपण आधीच जास्त श्वास घेत असतो, त्यावर अजून भरभरून घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून चक्कर, आणि रक्तातलं कॅल्शियम थोडं इकडेतिकडे होतं म्हणून मुंग्या आणि वाकडी बोटं. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, तो भरपूर असतो.

तुम्हाला हवाय तो सोडायचा श्वास. आत घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, मनगटावर बोट ठेवून बघा, तरुण माणसात तर स्पष्ट कळतं, कारण सोडताना व्हेगसचा लगाम घट्ट होतो. ह्या आख्ख्या यंत्रणेत आपल्या हाताशी लागणारी हीच एक कडी, हृदयाला सांगून थांबवता येत नाही, आतड्याला नाही, पण श्वास थोडा आपला आहे. तर नाकाने साधाच घ्या, चार मोजेपर्यंत, छाती फुगवायची नाही, आणि सहा मोजेपर्यंत सोडा, फुंकणीतून फुंकल्यासारखा बारीक. असे मिनिटाला सहाच श्वास होतात. २००१ मध्ये बेर्नार्डी नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हूं म्हणायला लावून मोजलं, दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. म्हणून मला वाटतं की आपल्या घरात संध्याकाळी दिवा लावून स्तोत्र म्हणायची पद्धत होती तिचा शरीराला उपयोग होतच असणार, कारण म्हणणं म्हणजे लांब सोडलेला श्वासच की.

सुरुवात घबराहट होत असताना करू नका, तेव्हा नवीन काही जमत नाही. चांगल्या वेळेला, जेवणाआधी, पाच मिनिटं, पंधरा दिवस. मोजायचा कंटाळा आला तर भ्रामरी करा, ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढत राहा, आवाज संपेपर्यंत श्वास आपोआप लांब सुटतो. चक्कर आली तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या, बोटं दोन-चार मिनिटांत सरळ होतात. दम्याचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर श्वास रोखून धरायचा कुठलाच प्रकार करू नका. पंधरा दिवसांनी कसं वाटतंय ते मला परत लिहा, सकाळी उठल्या उठल्या नाडी किती लागते तेही लिहून पाठवा, पहिल्या दिवशीची आणि पंधराव्या दिवशीची.